न पाहिलेल्या मुलाची नोंद

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात, दोन शिक्षकांची एक जिल्हा परिषद शाळा होती. पहिली ते चौथी मिळून पट पस्तिसाच्या आसपास, पण दसरा झाला की तो निम्म्याने हजेरीपत्रकावरच उरायचा. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं टोळीबरोबर साखर कारखान्यांच्या वाटेला लागायची आणि बरीच पोरं आईबापांमागून फडावर जायची. जी मागे राहत, ती आजीआजोबांपाशी, हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर. पाडव्याच्या मागेपुढे गाव पुन्हा भरायचं.

शाळेचे मुख्याध्यापक वसंत गुरुजी. आता खेड्यापाड्यांत सगळीकडे ‘सर’ रुळलं आहे, पण यांना कुणी सर म्हटलं नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची पोरं आता त्यांच्या वर्गात बसत होती. पोर ओळखण्यात त्यांचा हातखंडा आहे, असं केंद्रातले सगळे शिक्षक मानत. “पोरगं पहिल्या आठवड्यात कळतं,” ते म्हणायचे, “आणि एकदा कळलं ते कळलं.”

20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि गुणांच्या जोडीला प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिणं शिक्षकांच्या कामात आलं. विशेष प्रगती, आवड, सुधारणा आवश्यक. मूल कसं वागतं, कुणाशी कसं बोलतं, वर्गात रमतं की नाही, हे शब्दांत मांडायचं. बाजारात लगेच तयार वाक्यांच्या पुस्तिका आल्या आणि पुष्कळ ठिकाणी त्यांतली वाक्यं क्रमाने उतरू लागली. गुरुजींनी ते कधी केलं नाही. प्रत्येक पोराचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा आणि मगच लिहायचं, हा त्यांचा नेम. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण ही गोष्ट कामचुकार शिक्षकाची नाही. मन लावून काम करणाऱ्या शिक्षकाची आहे, आणि म्हणून ती जास्त गंभीर आहे.

चौथीतल्या कृष्णाच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं: चंचल आहे, जागेवर बसत नाही, इतरांना त्रास देतो. तिसरीतल्या श्रावणीच्या पानावर: शांत, आज्ञाधारक.

एका ऑगस्टमध्ये शाळेत एम.एड. करणारी एक विद्यार्थिनी आली. नाव रेखा. लघुप्रबंधासाठी तिला एक साधी गोष्ट तपासायची होती: शिक्षकाने मुलांच्या वागण्याबद्दल आज दिलेला शेरा आणि त्याच शिक्षकाने काही महिन्यांनी दिलेला शेरा, यांत मेळ किती बसतो? तिने रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञांनी 1997 मध्ये मांडलेली प्रश्नावली आणली होती. मुलाच्या वागण्याबद्दल 25 विधानं, आणि प्रत्येकासमोर तीन पर्याय: लागू नाही, थोडंफार लागू, नक्की लागू. गेल्या सहा महिन्यांतलं किंवा या शैक्षणिक वर्षातलं वागणं आठवून खूण करायची.

दुपारच्या सुट्टीत तिने गुरुजींना आणि शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका मंगल मॅडमना या कामाचा जुना धागा सांगितला. मायकेल रटर यांनी 1967 मध्ये शिक्षकांसाठी 26 विधानांची अशीच एक प्रश्नावली प्रसिद्ध केली होती. त्याच मुलांबद्दल शिक्षकांना दोन महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा दोन्ही वेळच्या गुणांमधला सहसंबंध 0.89 आला. पूर्ण मेळ असेल तर 1, काहीच मेळ नसेल तर 0. म्हणजे हा मेळ चांगलाच घट्ट. एकाच मुलाबद्दल दोन वेगवेगळ्या शिक्षकांना विचारलं तेव्हा मात्र तो 0.72 वर आला.

“बघा,” गुरुजी म्हणाले. “शिक्षकाची नजर टिकाऊ असते. आमचं म्हणणं काय वेगळं होतं?”

दोघांनी कागद भरून दिले. पुन्हा जानेवारीच्या शेवटी भरायचे ठरले. रेखाने मुलांची नावं लिहून कागद लिफाफ्यात ठेवले. नावं लिहिताना पटावरची सगळी लिहिली. दसऱ्यानंतर कोण गावात असेल आणि कोण नसेल, हा विचार तिच्या मनात आला नाही.

जानेवारीअखेर ती भरलेले कागद घ्यायला आली. शाळेच्या ओसरीत सतरंजीवर बसून तिने ऑगस्टचा आणि जानेवारीचा असे कागद शेजारी लावायला सुरुवात केली. बहुतेक मुलांच्या कागदांत चार-पाच खुणा इकडच्या तिकडे झाल्या होत्या. ते साहजिकच. माणूस तेच पोर पुन्हा पाहतो तेव्हा कालचं भांडण आठवतं, परवाची कविता आठवते, आणि ‘नक्की’चं ‘थोडंफार’ होतं. श्रावणीचे दोन्ही कागद जवळपास सारखे होते, पण तिथे तक्रारीची खूणच नव्हती. भरपूर खुणा असलेल्या कागदांपैकी एकच असा होता की 25 पैकी 24 खुणा जिथल्या तिथे होत्या. कृष्णाचा. रेखाला आनंद झाला. मग तिने सहज हजेरीपत्रक ओढलं, आणि कृष्णाच्या नावापुढे दसऱ्यापासून गैरहजेरीची अखंड ओळ दिसली.

“गुरुजी, कृष्णा कुठंय?”

“फडावर. दसऱ्यालाच गेला. सांगलीकडं कुठंतरी असंल.”

“मग हा कागद?”

“भरला की. नाव तुम्हीच लिहून दिलं होतं.”

“पण यातले तीन महिने तो तुमच्यासमोर नव्हताच, गुरुजी.”

“ताई, मी त्याला पहिलीपासून बघतोय. त्याला बघायला तो समोर कशाला लागतो?”

रेखा काही बोलली नाही. मंगल मॅडमनी फळा पुसता पुसता मागे वळून पाहिलं. गुरुजींचं वाक्य ओसरीत तसंच राहिलं आणि थोड्या वेळाने, मला वाटतं, ते गुरुजींनाही ऐकू आलं.

रेखाच्या मार्गदर्शक बाईंनी तो कागद पाहून तिला एवढंच सांगितलं की कृष्णाची ओळख लपवून ती ओळ वेगळी ठेव, ती धरून एकदा गणित कर आणि ती सोडून एकदा कर, आणि दोन्ही आकडे प्रबंधात लिही. “त्या ओळीमुळे विश्वसनीयता वाढत असेल, तर नेमकं काय वाढलं तेही लिही.”

बी.एड.ला आपण विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे दोन शब्द पाठ करतो, पेपरात फरक लिहितो आणि विसरतो. इथे तो फरक एका पोराच्या नावाने समोर आला होता. समोर बसलेल्या पोरांच्या नोंदी थोड्याफार हलल्या. जे पोर समोर नव्हतं त्याचीच नोंद सर्वांत घट्ट राहिली. कारण समोरचं पोर नोंदीला धक्के देत राहतं. आज वांडपणा करतं, उद्या कुणाचं दप्तर उचलून देतं. न पाहिलेलं पोर काहीच करत नाही. त्याच्याविषयी आपल्याला जे वाटलं होतं तेवढंच उरतं, आणि ते वाटणं महिनोन्महिने शाबूत राहतं.

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये अशाच एका गोष्टीवर बोट ठेवलं होतं. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव अशा वेगवेगळ्या बाबींवर गुण दिले होते, आणि ते गुण एकमेकांशी नको इतके जुळत होते. एका बाबतीत माणूस आवडला की सगळ्याच बाबतींत तो वर चढे. अधिकारी खोटं लिहीत नव्हते. एकूण माणसाबद्दल झालेलं मत प्रत्येक रकान्यात आपोआप उतरत होतं. शिक्षकाच्या प्रश्नावलीत 25 रकाने असले तरी मनात रकाना एकच असू शकतो.

गुरुजी त्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी गेले नाहीत. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि जुन्या नोंदवह्या काढल्या. कृष्णाची तिसरीची नोंद पाहिली, मग दुसरीची. शब्द तेच. चंचल आहे, जागेवर बसत नाही, इतरांना त्रास देतो. त्यांनी ते वाक्य कधी उतरवून काढलं नव्हतं. दर वर्षी पोराचा चेहरा डोळ्यांपुढे आणून नव्याने लिहिलं होतं, आणि दर वर्षी तेच उमटलं होतं. मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी आणखी मागची वही काढली. कृष्णाचा थोरला भाऊ याच शाळेत होता. त्याच्या चौथीच्या पानावर गुरुजींच्याच अक्षरात तेच वाक्य होतं.

म्हणजे कृष्णा पहिलीत येऊन बसला तेव्हा त्याची नोंद त्याच्या आधीच येऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर त्यांनी त्या वह्या मंगल मॅडमच्या टेबलावर ठेवल्या आणि पानं उघडून दाखवली. मॅडमची नोकरी सहाएक वर्षांची. त्यांना गुरुजींबद्दल आदर होता आणि त्या क्षणी तो वाढला, कारण कपाट उघडायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण आपण गुरुजींपेक्षा बऱ्या, असं मॅडमना वाटलं नाही. त्यांचे स्वतःचे कागद दुसऱ्या टोकाला होते. ऑगस्टमध्ये त्यांनी अर्ध्या वर्गाला अस्वस्थ, भांडखोर ठरवलं होतं आणि जानेवारीत त्याच पोरांना निवळलेलं. त्या आठवत राहिल्या, आणि आठवलं ते हे की ऑगस्टच्या त्या आठवड्यात त्यांचा लहान मुलगा तापाने फणफणला होता आणि त्या रात्र रात्र जागून शाळेत येत होत्या. पोरं निवळली होती की आपली झोप परत आली होती?

इथे आणखी एक गुंता असतो, तो रेखाने त्यांना सांगितला. दुसऱ्यांदा प्रश्नावली भरताना तक्रारीच्या खुणा सहसा थोड्या कमी पडतात, मधल्या काळात काहीही घडलेलं नसलं तरी. म्हणून अतिचंचल मुलांवर औषध सुरू करण्याआधीच शिक्षकांकडून प्रश्नावली दोनदा भरून घ्यावी, असा सल्ला अभ्यासकांनी दिलेला आहे. नाही तर आपसूक झालेल्या घटीचं श्रेय औषधाला जातं. नोंद हलली म्हणून पोर हललं असं नाही, आणि नोंद थांबली म्हणून पोर थांबलं असंही नाही.

“मग लिहायचं तरी काय?” गुरुजींनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

“गुरुजी, पोरगं कसं आहे ते लिहूच नये काही दिवस,” मॅडम म्हणाल्या. “काय झालं ते लिहू. तारीख, वेळ, काय केलं, त्याआधी काय चाललं होतं. तुमची वही वेगळी, माझी वेगळी. महिनाभर एकमेकांची बघायची नाही. आणि जुन्या वह्या कपाटातून काढायच्या नाहीत.”

गुरुजींनी शंभर पानी दोन वह्या आणल्या.

पाडवा झाला आणि गाव भरू लागलं. कृष्णाही आला. उंची वाढली होती, हाताला घट्टे होते. फडावर तो आईबापांनी तोडलेल्या उसाची वाढी गोळा करायचा, कोपीपाशी धाकट्या बहिणीला सांभाळायचा, आणि ट्रॅक्टर भरला की वर बसून कारखान्यापर्यंत जायचा. पहिल्याच दिवशी त्याने वर्गाला कारखान्याच्या काट्याची गोष्ट सांगितली. एकदा काटा अडकला होता. पुढची गाडी गेली, मागची आली, तरी आकडा तोच. “आमचा मुकादम लई भांडला,” कृष्णा म्हणाला. “म्हणला, दोन्ही गाड्या एकाच वजनाच्या कशा?” पोरं हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी कृष्णाला ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली, आणि वहीत त्याच्या नावाखाली पहिली नोंद केली: तारीख, वेळ, सगळ्या वर्गापुढे उभं राहून न अडखळता बोलला.

उन्हामुळे सकाळची शाळा सुरू झाली होती. गुरुजी तिसरी-चौथीला सुरुवातीचे तास घ्यायचे. खिचडी झाली की त्यांना ऑनलाइन माहिती भरायला बसावं लागे, आणि मॅडम चारही वर्ग एकत्र घेऊन बसत. दोन शिक्षकांच्या शाळेत असंच चालतं.

नोंदी लिहिणं गुरुजींना जड गेलं. विशेषण लिहायची हाताला सवय होती. ‘उगाच उठला’ असं लिहून ते ‘उगाच’ खोडायचे आणि विचार करायचे, उगाच म्हणजे काय? मग लिहायचे: 7.40 ला उठला, दारापर्यंत गेला, स्वयंपाकाच्या खोलीकडे पाहून परत आला. हे एवढं लिहायला पूर्वी त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. उठला एवढंच पाहिलं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना या दिवसांत खटकू लागली. कृष्णाची जन्मतारीख पटावर 1 जून होती. आपल्याकडे पटावर 1 जून जन्मतारीख असलेली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं आहेत. जन्माचा दाखला नसला की गुरुजी ती तारीख टाकत. कृष्णा कोपीत जन्मला होता, भर हंगामात. म्हणजे तो खरा किती महिन्यांनी लहान किंवा मोठा, हे कुणालाच माहीत नव्हतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात लाखो मुलांच्या नोंदी तपासून 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलांवर अतिचंचलतेचा शिक्का बसण्याचं प्रमाण थोरल्या वर्गमित्रांपेक्षा बरंच जास्त आहे. शिक्षक पोराला वर्गातल्या बाकीच्या पोरांशी ताडून पाहतो. नऊ वर्षांच्या पोरात काही महिन्यांचा फरक थोडा नसतो.

महिना संपला. दोघांनी वह्या शेजारी ठेवल्या.

गुरुजींच्या वहीत कृष्णा उठत होता, पुढच्याची वही ओढत होता, पाठ म्हणताना खिडकीबाहेर पाहत होता, आणि दोनदा शेजारच्याला मारत होता. मॅडमच्या वहीत तोच कृष्णा पहिलीच्या पोरांना ओळीत बसवत होता, ताटं धुऊन रचून ठेवत होता, आणि गोष्ट ऐकताना एकदा शेवटपर्यंत जागचा हलला नव्हता.

“मॅडम, तुम्ही भलत्याच पोराचं लिहिलंय,” गुरुजी म्हणाले.

“मला तुमची वही वाचून तेच वाटलं, गुरुजी.”

भांडण इथे सहज होऊ शकलं असतं. एकाची नजर कडक, दुसरीची मवाळ, असं म्हणून दोघं उठून गेले असते. मुलांच्या वागण्याबद्दल मोठी माणसं एकमेकांशी सहमत नसतात ही काही नवी गोष्ट नाही. टॉमस अ‍ॅकेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये 119 अभ्यास एकत्र करून पाहिले. एकाच प्रकारची माणसं, म्हणजे दोन शिक्षक किंवा आई आणि बाप, यांच्या मतांतला सहसंबंध सरासरी 0.60 निघाला. पालक आणि शिक्षक अशी वेगळ्या जागी उभी असलेली माणसं घेतली की तो 0.28 वर आला. या छोट्या आकड्यावरून कुणीतरी चुकतंय किंवा खोटं बोलतंय असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. मूल घरी एक असतं आणि वर्गात दुसरं, प्रत्येक जण आपल्यापुढे आलेलंच सांगतो, म्हणून अनेकांना विचारलं पाहिजे, असं त्यांनी मांडलं. मला या विषयातली ही सर्वांत माणुसकीची ओळ वाटते. न जुळणाऱ्या दोन नोंदींपैकी एक खोडून टाकली की त्या दोन्हींच्या मधे उभं असलेलं पोर हातचं जातं.

मॅडमनी वेळेच्या रकान्यावर बोट फिरवलं. गुरुजींच्या वहीतल्या बहुतेक सगळ्या नोंदी खिचडीच्या आधीच्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या सगळ्या नंतरच्या.

दारात स्वयंपाकाच्या मावशी किल्ली द्यायला उभ्या होत्या. कृष्णाचं नाव ऐकून त्या म्हणाल्या, “त्याची माय पहाटं कामाला जाती, गुरुजी. पोरगं रातच्याला जे जेवतं त्यावर येतं. माझ्याकडं रोज दोनदा येऊन जातं, झाली का मावशी, झाली का मावशी करत. मी काय म्हणणार? बस म्हणते, होतीच आता.”

मावशींना हे कधीपासून माहीत होतं? “लई दिवस झाले की,” त्या म्हणाल्या. कुठल्याही प्रश्नावलीत मावशींसाठी जागा नव्हती, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी रात्री हरभरे भिजत घालू लागल्या आणि परिपाठ झाला की मूठभर हरभरे ज्याला हवे त्या पोराला मिळू लागले. कृष्णा एकटाच नव्हता. हात पुढे करणारी पोरं बरीच निघाली. गुरुजींनी वही चालू ठेवली. दाराशी जाणं जवळजवळ थांबलं. खिडकीबाहेर पाहणं कमी झालं. पण सगळं मिटलं नाही, आणि तेही त्यांनी लिहिलं. आपल्या वस्तूला कुणी हात लावला की कृष्णा अजूनही मारायचा, हरभरे खाऊनही मारायचा. फडावर जो आपली वस्तू राखत नाही त्याची वस्तू जाते. पाच-सहा महिने तिथे राहून आलेल्या पोराला इथे पेन्सिल मागून घेता येते हे कळायला वेळ लागतो. गुरुजींच्या जुन्या वाक्यातला एक तुकडा असा खरा निघाला. फरक एवढाच की आता त्यांना तो कधी आणि कशाने खरा होतो ते माहीत होतं, म्हणून त्यावर काही करता येत होतं. त्यांनी कृष्णाला वर्गाच्या पेन्सिलींचा डबा सांभाळायला दिला. मारामारी लगेच थांबली नाही. डबा मात्र रोज भरलेला परत येई.

वही मिटताना मॅडमना आणखी एक गोष्ट दिसली. श्रावणीचं पान. दोन्ही वह्यांत ते कोरं होतं. महिनाभरात एका मुलीबद्दल लिहावं असं दोन शिक्षकांना काहीच दिसलं नव्हतं. तिचे दोन्ही वेळचे कागद मात्र निर्दोष होते: त्रास नाही, भांडण नाही, आज्ञा पाळते.

ई. के. विकमन यांनी अमेरिकेत 1928 मध्ये शिक्षकांना विचारलं होतं की मुलांच्या कुठल्या वागण्याला तुम्ही सर्वांत गंभीर मानता. शिक्षकांनी उद्धटपणा, चोरी, वर्ग मोडणं असलं पुढे ठेवलं. मुलांच्या मनाचे उपचार करणाऱ्यांनी मात्र एकलकोंडेपणा, घुमेपणा, भीती या गोष्टी वर ठेवल्या. एक शतक होत आलं, तरी वर्गात आजही तेच चालतं. ज्या पोराचा आवाज होतो त्याची नोंद होते. जे पोर आत आत जातं त्याला ‘शांत’ म्हणतात आणि ती स्तुती समजतात.

श्रावणीचे आईबाप दसऱ्याला गेले होते आणि पाडवा उलटून गेला तरी परतले नव्हते. कारखान्याचा हंगाम लांबला होता. ती आजीपाशी होती, आजीला नीट ऐकू येत नव्हतं. मॅडमनी तिला काही विचारलं नाही, समोर बसवून बोलतं करायचाही प्रयत्न केला नाही. त्या रोज सुट्टीत तिच्याजवळ जाऊन बसू लागल्या, कधी निवडायचे तांदूळ घेऊन, कधी नुसत्या. बऱ्याच दिवसांनी मॅडमच्या वहीत तिच्या नावाखाली पहिली नोंद झाली: दोरीवरच्या उड्या मोजल्या, मोठ्याने, चाळीसपर्यंत. त्या मुलीचं पुढे काय करायचं हे तेव्हा दोघांनाही कळलेलं नव्हतं, पण पान आता कोरं नव्हतं.

रेखाचा लघुप्रबंध पूर्ण झाला. तिने दोन्ही आकडे दिले, आणि न पाहिलेल्या मुलाची ओळ वेगळ्या परिच्छेदात लिहिली. तो परिच्छेद लिहायला तिला बाकीच्या प्रकरणापेक्षा जास्त वेळ लागला, असं तिने मॅडमना फोनवर सांगितलं.

जूनमध्ये कृष्णा पाचवीसाठी शेजारच्या गावच्या शाळेत गेला. पहिल्या आठवड्यात त्याचे नवे वर्गशिक्षक दाखल्याच्या कामासाठी गुरुजींकडे आले. चहा झाला. निघताना त्यांनी विचारलं, “गुरुजी, तुमच्याकडचा कृष्णा आलाय माझ्या वर्गात. पोरगं कसं आहे? एका शब्दात सांगा, म्हणजे कुठं बसवायचं ते ठरवतो.”

पूर्वीच्या गुरुजींकडे तो शब्द तयार होता. ते थोडा वेळ थांबले.

“सकाळी काही खाऊन आलाय का, ते रोज विचारा,” ते म्हणाले. “नसेल आला, तर आधी खायला मिळेल असं बघा. आणि त्याच्या पेन्सिलीला कुणाला हात लावू देऊ नका, तो स्वतः देईल.” मग त्यांनी शंभर पानी वही कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. “ही घेऊन जा, पण आता उघडू नका. तुम्ही तुमची लिहा. दसऱ्याला तो फडावर जायच्या आधी दोन्ही शेजारी ठेवा, आणि जिथं जुळत नाहीत तिथं मला बोलवा. मी येतो.”